शेअर्ड फोल्डरचा शुक्रवार

बहुतेक ऑफिसांत एक झेड ड्राइव्ह असतो. कुठे तो वाय असतो, कुठे त्याला नुसतं 'कॉमन' म्हणतात. बिलं, पत्रांचे मसुदे, हजेरीच्या एक्सेल शीट, नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी 'न्यू फोल्डर (२)', सगळं त्यात. खरं तर तो आपल्या संगणकात नसतोच, आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर असतो. पण क्लिक केलं की उघडतो, त्यामुळे तो कुठून येतो हा प्रश्न कुणाला पडत नाही. संगणक आणि सर्व्हर या ड्राइव्हबद्दल एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांना एसएमबी म्हणतात, आणि विंडोजमध्ये हे बोलणं पोर्ट ४४५ वरून चालतं. १२ मे २०१७ च्या शुक्रवारी जगभरातल्या दोन लाखांहून जास्त संगणकांत जे शिरलं, ते याच पोर्टवरून. खाली दिलेल्या वेळा भारतीय आहेत. उन्हाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं.

आठ महिने आधी

सप्टेंबर २०१६. मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचं काम पाहणारे नेड पाइल यांनी एक लेख लिहिला. सांगणं एका ओळीचं होतं: एसएमबीची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी१, वापरणं बंद करा. ही ओळ त्यांनी सुरुवातीलाच तीनदा लिहिली, तिसऱ्यांदा मोठ्या अक्षरांत. आपल्याच कंपनीचा माल वापरू नका, असं त्या मालाची देखभाल करणाऱ्याने ओरडून सांगावं, हे क्वचित घडतं.

एसएमबी मूळची आयबीएमची. १९८३ मध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती आखली तेव्हा डॉसचे संगणक होते आणि एकमेकांच्या डिस्कवरची फाइल वाचता यावी एवढीच गरज होती. नेटवर्कवर कुणी वाईट हेतूने बसलेलं असेल हा विचार त्या काळात नव्हताच. पुढे लॅन मॅनेजर, ओएस/२, विंडोज एनटी असा प्रवास करत तिच्यावर थर चढत गेले. २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर एसएमबी२ आली, २०१२ मध्ये एसएमबी३. पाइल यांनी लेख लिहिला तेव्हा पहिली आवृत्ती दहा वर्षांपूर्वीच कालबाह्य झालेली होती.

तरी ती चालू होती, कारण तिला बंद करायला कुणी कारण शोधलं नव्हतं. दोन यंत्रं जोडली जातात तेव्हा एक आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी पुढे करतं, दुसरं त्यातली दोघांना येणारी सर्वांत नवी निवडतं. हे सगळं पडद्याआड, क्षणात. त्यामुळे आपल्या ऑफिसात कोण कोणाशी कुठल्या आवृत्तीत बोलतंय हे संगणक सांभाळणाऱ्यालाही माहीत नसतं. कोपऱ्यातलं झेरॉक्स-स्कॅनरचं एकत्र मशीन स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकतं, त्याला फक्त एसएमबी१ येते. जुन्या एनएएस डब्याला, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या यंत्राला, तेवढीच येते. रुग्णालयात एमआरआय मशीनला जोडलेल्या संगणकावर विंडोज एक्सपी असतं आणि त्याला हात लावला तर मशीन बनवणारी कंपनी हमी काढून घेते. एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला होता, विंडोज सर्व्हर २००३ चा १४ जुलै २०१५ ला. कागदावर ही यंत्रं निवृत्त झाली होती, प्रत्यक्षात रोज आठ वाजता कामावर येत होती.

५९ दिवस आधी

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करते. फेब्रुवारी २०१७ चा मंगळवार कंपनीने ऐन वेळी पुढे ढकलला, आणि त्यामागचं नेमकं कारण सांगितलं नाही. १४ मार्चला जी दुरुस्ती आली तिचा क्रमांक एमएस१७-०१०, शेरा 'क्रिटिकल', विषय एसएमबी१ चा सर्व्हर. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनेच कंपनीला सावध केलं होतं, ही बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने नंतर छापली.

ही चूक नेमकी काय होती, ते थोडं थांबून बघण्यासारखं आहे. ओएस/२ मध्ये प्रत्येक फाइलला काही जादा माहिती जोडता येत असे. ओएस/२ च्या पद्धतीने लिहिलेली अशी यादी आली तर ती विंडोज एनटीच्या पद्धतीत बदलून घ्यायचं काम एसएमबी१ मधला एक छोटा भाग करत असे. यादी किती मोठी हे ३२ बिटांच्या जागेत लिहिलेलं असे, पण तो आकडा सुधारताना कोड फक्त खालचे १६ बिट बदलत असे, वरचे तसेच राहत. मुद्दाम वेडीवाकडी यादी पाठवली की सर्व्हर जागा राखून ठेवायचा थोडी आणि त्यात ओतायचा जास्त. ओसंडलेला मजकूर थेट विंडोजच्या गाभ्याच्या मेमरीत जाऊन पडायचा. पासवर्ड नको, कुणी कशावर क्लिक करायला नको. आयबीएमने ओएस/२ विकणं २००५ मध्येच बंद केलं होतं, आणि तिच्यासाठी राखलेला हा कोपरा २०१७ मधल्या विंडोज ७ मध्येही उघडा होता.

दुरुस्ती आल्यावर तिसऱ्या दिवशी, १७ मार्चला, एनएचएस या इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची संगणक व्यवस्था पाहणाऱ्या एनएचएस डिजिटलने रुग्णालयांना सूचना पाठवली: ही दुरुस्ती, म्हणजे हा पॅच, लावा. सूचना सक्तीची नव्हती.

२८ दिवस आधी

१४ एप्रिल, गुड फ्रायडे. स्वतःला शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या टोळीने एनएसएची चोरलेली हत्यारं इंटरनेटवर फुकट टाकली. आधीचे आठ महिने ते ती विकायचा प्रयत्न करत होते आणि मनासारखं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. या गठ्ठ्यात इटर्नलब्लू होतं, त्याच ओएस/२ च्या कोपऱ्यातून आत शिरणारं. सोबत डबलपल्सर, म्हणजे आत गेल्यावर पुन्हा येण्यासाठी ठेवलेली गुप्त वाट. मायक्रोसॉफ्टने लगेच सांगितलं की पाठिंबा असलेल्या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती महिन्यापूर्वीच दिली आहे. बातमी थंडावली. २८ एप्रिलला एनएचएस डिजिटलची दुसरी सूचना गेली.

पॅच न लावण्याला आळस म्हणणं सोपं आहे. पण ज्याने कधी चालू सर्व्हरवर पॅच लावून रीस्टार्टचं बटण दाबलंय, त्याला ते अडीच मिनिटांचं काळं पटल माहीत असतं. यंत्र उठलं नाही तर दोष पॅच बनवणाऱ्याचा धरत नाहीत, लावणाऱ्याचा धरतात. उलट पॅच न लावता काही बिघडलं तर तो हल्ला ठरतो. सगळी व्यवस्था हात न लावणाऱ्याच्या बाजूने झुकलेली असते. एनएचएस डिजिटलने तोवर इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टांपैकी, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या सरकारी संस्थांपैकी, ८८ ट्रस्टांची सायबर तपासणी केली होती. त्यातला एकही पास झाला नव्हता.

शुक्रवार १२ मे, दुपारी १.१४

पहिल्या नोंदी आशियातल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा सकाळचे पावणेनऊ. सुरुवातीला सगळ्यांचा तर्क हाच की कुणीतरी ईमेलला जोडलेली फाइल उघडली असणार, आणि कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांना ईमेल न उघडण्याची तंबी देण्यात पहिला तास गेला. ईमेलचा त्यात काही संबंध नव्हता. या हल्ल्यातला प्रोग्रॅम, वॉनाक्राय, हा किडा होता, म्हणजे वाहून न्यायला माणूस न लागणारा. इंटरनेटवर ४४५ उघडं सोडलेलं एखादं यंत्र तो शोधायचा, इटर्नलब्लूने आत जायचा, आणि आत गेल्यावर दोन कामं एकदम सुरू करायचा. एकीकडे फाइली कुलूपबंद करायच्या, दुसरीकडे त्याच नेटवर्कमधल्या शेजाऱ्यांची ४४५ ठोठावायची. बाहेरून कडेकोट फायरवॉल लावलेल्या संस्थांच्या आत ४४५ सगळीकडे मोकळंच असतं. ते मोकळं नसेल तर झेड ड्राइव्ह उघडत नाही.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात आली. सर्व्हरला पॅच लावलेला असला तरी फायदा अर्धाच होता. हिशेब विभागातल्या एका पॅच नसलेल्या संगणकावर किडा आला की त्या संगणकाला जोडलेले सगळे ड्राइव्ह त्याला दिसायचे, झेडसुद्धा. मग सर्व्हरच्या दृष्टीने काहीच गैर घडत नसे. ओळखीचा वापरकर्ता, योग्य परवानगी, फाइल उघडली, बदलली, जतन केली. एकामागून एक नावांच्या शेवटी 'डब्ल्यूएनसीआरवाय' लागत जायचं.

पडद्यावर लाल खिडकी. तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये, तीन दिवसांनी दुप्पट, सात दिवसांनी फाइली कायमच्या गेल्या. दोन घड्याळं उलटी चालताना दिसत. मजकूर २८ भाषांत होता. त्यांत हिंदी-मराठी नव्हत्या. एवढी मेहनत करणाऱ्यांनी पैसे कोणी भरले हे ओळखायची सोय मात्र धड केली नव्हती. सगळ्यांचे पैसे त्याच तीन पत्त्यांवर जात होते, त्यामुळे पैसे भरणाऱ्याला किल्ली मिळेल याचा भरवसा नव्हता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास

माद्रिदमध्ये मध्यान्ह. टेलिफोनिका या स्पेनच्या सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीच्या मुख्यालयात ध्वनिक्षेपकावरून कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं: संगणक बंद करा. देशाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे त्या क्षणी आपल्याच माणसांशी बोलायला सुरक्षित उरलेलं साधन ते होतं. उपाय मात्र बरोबर होता. बंद यंत्र ना कुलूपबंद होतं, ना शेजाऱ्याला लागण करतं.

संध्याकाळी साडेपाच

इंग्लंडमध्ये दुपारचा एक. एनएचएस डिजिटलकडे रुग्णालयांचे पहिले फोन येऊ लागले. पुढचे तीन तास कुणाकडेच पूर्ण चित्र नव्हतं. काही ठिकाणी लाल खिडकी आली होती. काही ठिकाणी ती येऊ नये म्हणून सगळं आपणहून बंद केलं होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नव्हता. रक्ततपासणीचे निकाल पडद्यावर येईनात. एक्स-रे काढला तरी तो वॉर्डातल्या डॉक्टरपर्यंत पोचेना. हातात कागद-पेन आलं. ईमेल बंद असल्याने अधिकारी आपल्या खासगी मोबाइलवरून, व्हॉट्सॲपवर, एकमेकांना शोधत होते. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला तेव्हा त्यात व्हॉट्सॲपचा उल्लेख करावा लागला. सायबर हल्ल्यात काय करायचं याची योजना कागदावर होती, पण स्थानिक पातळीवर तिची रंगीत तालीम झालेली नव्हती. आपल्यापैकी कोण फोन करणार आणि कोणाला, इथूनच घोळ होता.

पूर्व लंडनमधली मोठी रुग्णालयं सांभाळणाऱ्या बार्ट्स हेल्थने रुग्णवाहिका दुसरीकडे वळवायला सांगितलं. देशात अशा पाच भागांत आपत्कालीन रुग्णांना लांबचं रुग्णालय गाठावं लागलं.

संध्याकाळी सात

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला इल्फ्राकूम नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे आईवडिलांच्या घरी राहणारा बावीस वर्षांचा मार्कस हचिन्स त्या आठवड्यात सुटीवर होता. जेवण घेऊन घरी आला, संगणकासमोर बसला, तर सगळीकडे एनएचएसचीच बातमी. एका मित्राकडून त्याने किड्याचा नमुना मिळवला आणि आपल्या प्रयोगाच्या यंत्रात चालवून पाहिला. किडा सर्वांत आधी एका लांबलचक, कशाचाच अर्थ न लागणाऱ्या वेबपत्त्यावर जायचा प्रयत्न करत होता. त्या नावाची नोंदणीच नव्हती.

अशी बेवारस नावं विकत घेऊन ठेवणं हे हचिन्सचं रोजचं काम होतं. नाव आपल्याकडे असलं की लागण झालेली यंत्रं आपल्या दारात येतात आणि ती कुठे कुठे आहेत ते मोजता येतं. त्याने १० डॉलर ६९ सेंट भरले.

रात्री ८.३०

इंग्लंडमध्ये दुपारचे चार. एनएचएस इंग्लंडने 'मेजर इन्सिडंट' जाहीर केला. त्याच सुमाराला, दोन-पाच मिनिटांच्या फरकाने, त्या बेवारस नावाला मालक मिळाला. हजारो यंत्रं तिथे येऊन धडकू लागली.

हचिन्सला आपण काय केलंय हे कळलं नव्हतं. उलट, नाव नोंदवल्यामुळेच फाइली कुलूपबंद व्हायला लागल्या असा एक संदेश मध्येच आला आणि तो हादरला. प्रूफपॉइंट कंपनीतल्या डॅरियन हस यांनी कोड वाचून उलटं असल्याचं दाखवलं: पत्त्यावर उत्तर मिळालं की किडा गप्प बसतो, मिळालं नाही तरच कामाला लागतो. लिहिणाऱ्याने हे का ठेवलं असेल? हचिन्सचा तर्क असा की संशोधकांच्या बंदिस्त प्रयोगशाळेत कुठल्याही पत्त्याला खोटं उत्तर मिळतं, आणि आपण तशा जागी अडकलोय का ते किडा ताडून बघत असावा. कारण काहीही असो, अमेरिकेत ऑफिसं भरायच्या वेळी फैलाव मंदावला.

इथे कथा संपवायचा मोह बातमीदारांना झाला आणि 'एका तरुणाने जग वाचवलं' असे मथळे आले. संगणक सांभाळणाऱ्यांची अडचण वेगळी होती. मोठ्या संस्थांतली यंत्रं थेट इंटरनेटवर जात नाहीत, प्रॉक्सी नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमधून जातात, आणि किड्याला प्रॉक्सीतून जाता येत नव्हतं. म्हणजे जिथे शिस्त जास्त, तिथे तो पत्ता निरुपयोगी. त्यातच काही सावध प्रशासकांनी हा पत्ता किड्याचा आहे म्हणून तो अडवूनच टाकला. अडवला की उत्तर नाही, उत्तर नाही की किडा चालू. पत्ता अडवू नका, असं ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राला उलट सांगावं लागलं.

रात्री ११.१५

इंग्लंडमध्ये पावणेसात. एनएचएस इंग्लंडने आपली आपत्कालीन यंत्रणा सुरू केली आणि सगळे निर्णय एका ठिकाणाहून घ्यायला लागले. ही यंत्रणा पूर, अपघात, साथ यांसाठी बांधलेली होती.

शनिवार

मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी दुरुस्ती काढली, सर्व्हर २००३ साठीही. सद्भावना चांगली होती, पण नंतरच्या तपासात चित्र निराळं निघालं. कॅस्परस्कीच्या मोजणीत लागण झालेल्या यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची होती. एक्सपीवर किडा शिरायचा प्रयत्न करायचा तेव्हा बहुतेकदा यंत्रच निळा पडदा दाखवून कोसळायचं, आणि कोसळलेलं यंत्र फैलावाला उपयोगाचं नसतं. सगळ्यांनी शिव्या म्हाताऱ्या एक्सपीला दिल्या, प्रत्यक्षात बुडालं ते पाठिंबा असलेलं आणि पॅच उपलब्ध असलेलं विंडोज ७.

रेनॉने फ्रान्समधले कारखाने थांबवले, इंग्लंडमध्ये निस्सानच्या संडरलंड कारखान्याला फटका बसला. जर्मनीच्या स्थानकांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर लाल खिडकी झळकली. रशियाच्या गृहमंत्रालयाने सुमारे हजार संगणकांना लागण झाल्याचं मान्य केलं. चीनमध्ये विद्यापीठांतले प्रबंध कुलूपबंद झाले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही ठाण्यांतले संगणक गेले.

सोमवार १५ मे

शनिवार-रविवार बंद असलेली ऑफिसं उघडली. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने धोक्याचा इशारा दिलेला होता. पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या काही कार्यालयांत सकाळी संगणक सुरू केले तेव्हा तीच खिडकी आली.

आकडे यायला महिने लागले. इंग्लंडमधल्या २३६ पैकी ८१ ट्रस्टांना झळ बसली होती, शिवाय ५९५ जीपी (फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यांना. ६,९१२ भेटी रद्द झाल्याचं मोजता आलं, अंदाज एकोणीस हजारांचा होता. निदानाची १,२२० उपकरणं बाधित होती. खंडणी कुठल्याही एनएचएस संस्थेने भरल्याचं आढळलं नाही. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिका आणि ब्रिटनने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. हचिन्सला ऑगस्टमध्ये अमेरिकेत अटक झाली, पण ती किशोरवयात लिहिलेल्या एका वेगळ्याच घातक प्रोग्रॅमबद्दल. दोन वर्षांनी न्यायाधीशांनी त्याला आणखी तुरुंगवास न देता सोडलं.

४६ दिवसांनंतर

२७ जूनला नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि इटर्नलब्लू त्याच्याही हातात होतं. पण त्याचा खरा जोर दुसरीकडे होता. एका यंत्राच्या मेमरीतून तो प्रशासकाचा पासवर्ड उचलायचा, आणि मग विंडोज स्वतः प्रत्येक यंत्रावर प्रशासकासाठी ठेवते त्या 'ॲडमिन' शेअरमध्ये स्वतःची प्रत टाकून ती चालवायचा. एमएस१७-०१० लावलेली यंत्रंही त्यामुळे गेली. खंडणीची खिडकी नावापुरती होती, फाइली परत मिळण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

मर्स्क ही जहाज कंपनी यात सापडली, आणि तिच्या टर्मिनल कंपनीमुळे न्हावाशेवाचं जेएनपीटी बंदरही. जेएनपीटीमधल्या गेटवे टर्मिनल्स इंडियात कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारी प्रणालीच गेली. काम हाताने करायची वेळ आली आणि बंदराबाहेर ट्रक तुंबले. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले होते. एक वाचला तो घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले.

पाच महिन्यांनंतर

१७ ऑक्टोबर २०१७ ला विंडोज १० चं 'फॉल क्रिएटर्स अपडेट' आलं, आणि शेअर्ड फोल्डरच्या तक्रारींचा दुसरा हंगाम सुरू झाला. या आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बसत नाही. जुन्यावरून अपग्रेड केलेल्या होम आणि प्रो यंत्रांत ती राहते, पण चालू यंत्रावर एकूण पंधरा दिवस वापरली गेली नाही तर स्वतःहून निघून जाते. सर्व्हर २०१९ नव्याने बसवला तर त्यातही ती नसते.

मग शनिवारी रात्री सर्व्हर बदललेला असतो आणि सोमवारी सकाळी फोन सुरू होतात. पहिली तक्रार: "नेटवर्कमध्ये काहीच दिसत नाही." ही बहुधा खोटी निघते. शेजारच्या यंत्रांची यादी दाखवणारी जुनी ब्राउझर सेवा एसएमबी१ वर उभी होती. ती गेली म्हणून यादी रिकामी, पण फोल्डर जागेवरच असतो. दोन उलटे तिरके दंड देऊन सर्व्हरचं नाव हाताने टाइप केलं की उघडतो. दुसरी तक्रार ०x८००७००३५, नेटवर्क मार्ग सापडला नाही. नावाऐवजी आयपी पत्ता टाकून बघायचं. पत्त्याने उघडला तर दोष नाव शोधण्यात आहे. तरीही नाही उघडला तर ४४५ पर्यंत पोचतोय का ते तपासायचं, आणि नेटवर्कचं प्रोफाइल अपग्रेडमध्ये 'प्रायव्हेट'चं 'पब्लिक' होऊन फायरवॉल आडवी आलीय का, तेही. तिसरी: जुन्या एनएएसवर पासवर्डशिवाय जायची सवय होती आणि आता संस्थेचं धोरण अनोळखी पाहुण्याला अडवतंय असा संदेश येतो. विंडोजच्या कॉर्पोरेट आवृत्त्यांनी त्याच अपडेटपासून पासवर्डाशिवायचा प्रवेश बंद केलाय. एनएएसवर खरं खातं उघडणं हा उपाय. चौथी तक्रार खरी एसएमबी१ ची: स्कॅनर फोल्डरमध्ये कागद टाकत नाही.

या चारही तक्रारींवर एकच उपाय वेगात मिळतो. 'विंडोज फीचर्स'ची यादी उघडायची, 'एसएमबी १.०' पुढच्या चौकोनात टिचकी मारायची, रीस्टार्ट. दहा मिनिटांत स्कॅनर चालतो, नेटवर्कची यादी भरते, साहेब खूश. पहिल्या आणि चौथ्या तक्रारीचं कारण वेगळं आहे का, हे कुणी विचारत नाही. ही टिचकी काढायला पुन्हा कुणी येत नाही, आणि पुढचा माणूस नोकरीला लागतो तेव्हा त्याला ती का मारली हे सांगणारंही कुणी उरलेलं नसतं.

नेड पाइल यांनी जून २०१७ मध्ये एक यादी सुरू केली. एसएमबी१ शिवाय चालत नाहीत असं ज्यांच्या उत्पादकांनीच सांगितलंय अशा प्रिंटर, स्कॅनर, एनएएस आणि सॉफ्टवेअरची ती यादी आहे. आपलं मशीन तिथे असलं तर आधी फर्मवेअरचं अपडेट शोधायचं, कारण पुष्कळ कंपन्यांनी नंतर एसएमबी२ दिली. अपडेट नसेल तर कागद फोल्डरऐवजी ईमेलने किंवा एफटीपीने पाठवायची सोय त्याच स्कॅनरच्या मेन्यूत बहुधा असते. काहीच नसेल तर ते एकच यंत्र वेगळ्या नेटवर्कमध्ये टाकायचं आणि त्याच्यासाठी इतर सगळ्यांचं ४४५ उघडं ठेवायचं नाही.

जुना सर्व्हर काढण्याच्या आधीच हे कळू शकतं. पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीकनेक्शन' दिलं की आपण जोडलेल्या प्रत्येक शेअरपुढे 'डायलेक्ट' रकान्यात आवृत्ती येते. तिथे १.५ दिसलं तर ती एसएमबी१. सर्व्हर २०१६ पासून सर्व्हरवर एसएमबी१ चं ऑडिटही चालू करता येतं. काही अडत नाही, फक्त जो कुणी त्या आवृत्तीत बोलायला येईल त्याची ३००० क्रमांकाची नोंद लॉगमध्ये पडते. महिनाअखेर धरून पाच आठवडे तरी थांबावं, कारण काही यंत्रं फक्त पगाराच्या दिवशी जागी होतात. प्रत्येक नोंदीत एक आयपी पत्ता असतो. ते पत्ते कागदावर उतरवून, हातात घेऊन, ऑफिसभर फिरावं लागतं.